सगळे समाविष्ट, तरी मन भरत नाही: ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ किनारी रिसॉर्टचे गणित

‘ऑल इन्क्लुझिव्ह’ किनारी रिसॉर्ट म्हणजे खोली, तिन्ही वेळचे जेवण, मधल्या वेळचे खाणे, मद्यासकट पेये, पोहण्याचे तलाव आणि संध्याकाळची करमणूक हे सगळे एकाच रकमेत विकणारे हॉटेल. दारातून आत शिरताच पाहुण्याच्या मनगटावर एक पट्टा बांधतात. तो पट्टा आहे तोवर पाकिटाला हात लावावा लागत नाही. भारतातल्या हॉटेलांत ‘सीपी’ म्हणजे खोली आणि न्याहारी, ‘एमएपी’ म्हणजे त्यात आणखी एक जेवण आणि ‘एपी’ म्हणजे सगळी जेवणे. ऑल इन्क्लुझिव्ह ही त्याच जिन्याची शेवटची पायरी. मेक्सिकोतील कॅन्कून, डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुंता काना, जमैका आणि तुर्कस्तानातील अंतल्या ही या व्यवसायाची मोठी ठिकाणे आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही कॅन्कून चांगले परिचयाचे आहे.

या व्यवस्थेत एक कोडे आहे. मागाल ते मिळते, कितीही वेळा मिळते, बिल येत नाही. तरीही अनेक कुटुंबे तिथून हिरमुसून परततात. जेवण बेचव होते, तलावाकाठी बसायला जागा नव्हती, किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचे ढीग होते, खोलीतून समुद्र दिसतच नव्हता, अशा त्यांच्या तक्रारी असतात. त्यांचे कारण प्रत्येक वेळी मालकाच्या लबाडीत सापडतेच असे नाही. प्रामाणिकपणे चालवलेल्या रिसॉर्टातही यांतल्या बऱ्याच तक्रारी उद्भवतात. त्यांची मुळे पैसे आधी घेण्याच्या पद्धतीत आहेत, मोठ्या प्रमाणावरच्या स्वयंपाकात आहेत, समुद्राच्या स्वभावात आहेत आणि माणसाच्या मनातही आहेत.

तंबूपासून कुंपणापर्यंत

एका रकमेत पूर्ण सुटी विकण्याची कल्पना आधी थंड हवेच्या देशात रुजली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्केगनेस येथे बिली बटलिन यांनी १९३६ मध्ये कामगार कुटुंबांसाठी सुटीची छावणी उघडली. तिथे राहणे, तीन जेवणे आणि करमणूक एकाच दरात मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० मध्ये, बेल्जियमचे वॉटर पोलो खेळाडू जेरार्ड ब्लिट्झ यांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदिया येथे तंबू ठोकून ‘क्लब मेदितेराने’ची पहिली वसाहत थाटली. युद्धाने थकलेल्या युरोपीय माणसाला काही दिवस पैशांचा विचारही नको, हे त्यामागचे सूत्र होते. तरीही क्लबच्या वसाहतींत बारमधली पेये वेगळी विकत घ्यावी लागत आणि त्यांचे मोल गळ्यात घातलेल्या रंगीत मण्यांनी चुकवले जाई. म्हणजे ‘सगळे’ या शब्दाची व्याख्या सुरुवातीपासूनच विक्रेत्याच्या हाती होती.

आजच्या अर्थाचे रिसॉर्ट जमैकात घडले, आणि त्यामागे भीतीचा मोठा वाटा होता. १९७० च्या दशकात त्या बेटावर राजकीय हिंसाचार वाढला, परदेशी प्रवासी हॉटेलबाहेर पडायला धजेनात. मग जे हवे ते कुंपणाच्या आतच देण्याची पद्धत पुढे आली. जॉन ईसा यांनी १९७६ मध्ये नेग्रिल येथे या धर्तीचे रिसॉर्ट चालवायला घेतले. १९७८ मध्ये ओचो रिओस येथे केवळ जोडप्यांसाठी असे हॉटेल निघाले आणि १९८१ मध्ये बुच स्टुअर्ट यांनी माँटेगो बे येथे आपल्या साखळीचे पहिले हॉटेल सुरू केले. कॅन्कूनची गोष्ट निराळी आहे. ते शहर मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने आराखडा आखून, जवळजवळ निर्मनुष्य वाळूच्या पट्टीवर वसवले. तिथली पहिली हॉटेले १९७४ मध्ये उघडली आणि ऑल इन्क्लुझिव्हची पद्धत नंतर पसरली. पण जमैकातले कुंपण तिच्याबरोबर आले, आणि आजच्या निराशेशी त्याचा संबंध आहे.

खानावळीचे गणित

पुण्यात शिकायला राहिलेल्या प्रत्येकाला महिन्याचे पैसे आधी भरून चालणारी खानावळ ठाऊक असते. पोळ्या हव्या तेवढ्या, भात हवा तेवढा. पण पैसे एकदा हाती पडले की पुढची प्रत्येक पोळी खानावळवाल्याला खर्चच असते, तिच्यातून नवी कमाई होत नाही. साध्या हॉटेलात गिऱ्हाईक दुसरा डोसा मागते तेव्हा मालक खूश होतो. खानावळीत दुसरी वाटी मागितली की मालकाच्या नफ्यातला तेवढा भाग कमी होतो. ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट ही समुद्रकाठची खानावळच आहे. तिची कमाई नोंदणीच्या दिवशी ठरून जाते, आणि पाहुणा दारात उतरल्यापासून उरतो तो फक्त खर्च.

आता या खर्चाची फोड करून पाहावी. जमीन आणि इमारतीवरच्या कर्जाचे व्याज, वीज, पाणी, विमा, सहल कंपनीचे कमिशन ही देणी महिन्याच्या महिन्याला चुकती करावीच लागतात, त्यांत काटछाट करता येत नाही. व्यवस्थापकाच्या हाती फिरवता येतील असे पीळ दोनतीनच असतात: ताटातले जिन्नस, ग्लासातले पेय आणि कामावरच्या माणसांची संख्या. काटकसरीचा दट्ट्या आला की तो याच तीन ठिकाणी उतरतो. नेमक्या याच तीन गोष्टी पाहुण्याच्या जिभेला आणि डोळ्याला रोज भेटतात. इमारत देखणी आणि रस मात्र पाणचट, अशी विसंगती अनेक रिसॉर्टांत दिसते ती यामुळे. ताज्या फळांच्या रसाऐवजी यंत्रातून येणारे गोड पेय, नामांकित मद्याऐवजी स्वस्त स्थानिक रम आणि चार वाढप्यांच्या जागी दोन.

खानावळवाला मात्र एका मर्यादेपलीकडे आमटी पातळ करू शकत नाही. पुढच्या महिन्यात मुले दुसरी खानावळ धरतील ही धास्ती त्याला असते. रविवारची ‘फीस्ट’ही त्याच धास्तीतून येते. रिसॉर्टातली मेक्सिकन रात्र, इटालियन रात्र आणि किनाऱ्यावरची मेजवानी ही तिचीच भावंडे. पण हजारो किलोमीटर विमानाने आलेले कुटुंब पुढच्या वर्षी त्याच दारात येण्याची शक्यता कमीच असते. गिऱ्हाईक परत येण्याची आशा क्षीण झाली की दर्जाला आतून धरून ठेवणारी दोरीही सैल होते. या व्यवसायातली सर्वांत कच्ची जागा हीच आहे.

अर्थशास्त्रात अशा सेवांना ‘अनुभववस्तू’ म्हणतात. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये हा भेद मांडला. साडीचा पोत दुकानात हाताने पाहता येतो, पण सुटी कशी गेली हे ती घालवल्यावरच कळते. त्याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की विकणाऱ्याला मालाची खोड माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, तिथे चांगल्या मालाला रास्त भाव मिळेनासा होतो आणि दर्जा घसरत जातो. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. इंटरनेटवरच्या अभिप्रायांनी ही दरी थोडी भरली आहे. तरी जानेवारीत महागड्या खोलीत राहिलेल्या माणसाचे मत जुलैत सर्वांत स्वस्त खोली घेणाऱ्याच्या फारसे कामाचे नसते. अभिप्राय वाचताना लेखकाने दिलेल्या तारकांपेक्षा महिना आणि खोलीचा प्रकार आधी पाहावा.

आणखी एक परिणाम होतो. मूळ रकमेत जे बसते ते घासून पातळ झाले की त्याहून बरे काही वेगळे विकण्याची सोय निर्माण होते. मग वेगळ्या रंगाचा मनगटपट्टा, राखीव तलाव, वरच्या फळीतली बाटली, आणि आधी नोंद केल्याशिवाय न मिळणारी छोटी उपाहारगृहे येतात. मेक्सिकोत तर स्वागतकक्षाजवळच कोणी हसतमुख माणूस पाहुण्याला दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीचे आमंत्रण देतो. त्या न्याहारीत पुढच्या अनेक वर्षांच्या सुट्या आगाऊ विकल्या जातात. या व्यवहाराला ‘टाइमशेअर’ म्हणतात. सुटीतली एक सकाळ त्यात जातेच, आणि घाईत केलेली सही वर्षानुवर्षे पैसे मागत राहते. मेक्सिकोच्या नियमांनुसार असा करार सही केल्यापासून पाच कामकाजी दिवसांत रद्द करता येतो.

झाकणाखालची भजी

बुफेवर चाळीस पदार्थ मांडलेले असतात आणि चौथ्या दिवशी ते सगळे एकाच चवीचे वाटू लागतात. याचे एक कारण भौतिक आहे. तळलेल्या पदार्थाचा कुरकुरीतपणा म्हणजे त्याच्या कवचातून निघून गेलेले पाणी. गरम कांदाभजी डब्यात घालून झाकण लावले की आतली वाफ कवचात परत मुरते आणि दहा मिनिटांत भजी मऊ पडते. बुफेवरची झाकणबंद, खाली गरम पाणी असलेली भांडी हेच काम तासन्‌तास करत राहतात. मासळी आणि कोंबडी त्यांत कोरडी होत जाते, भाज्यांचा रंग उतरतो, पास्ता फुगतो. आचाऱ्याचा हात कितीही चांगला असला तरी चुलीपासून ताटापर्यंतचा हा वेळ त्याच्या ताब्यात नसतो.

दुसरे कारण पंगतीचे आहे. पंधरावीस देशांचे पाहुणे एकाच रांगेत जेवतात, म्हणून तिखट कमी, मसाला कमी, वास कमी, असे सगळे कमी करत करत कोणालाच खटकणार नाही आणि कोणाच्याच लक्षात राहणार नाही अशी चव शिल्लक उरते. कॅन्कून ज्या द्वीपकल्पावर आहे त्या युकातानचे स्वतःचे जेवण याच्या अगदी उलट आहे. आंबट संत्र्याच्या रसात आणि आचिओते नावाच्या लाल बियांच्या वाटणात मुरवून, केळीच्या पानात बांधून मंद आचेवर शिजवलेले तिथले डुकराचे मांस, ‘कोचिनिता पिबिल’, प्रसिद्ध आहे. केळीच्या पानातली पानगी ठाऊक असलेल्या कोकणी माणसाला ते पान लगेच ओळखीचे वाटेल. पण बुफेवर त्या पदार्थाचे नाव असते आणि चव बहुधा गावातल्या खानावळीतच राहते. कुंपणाने केलेले हे सर्वांत मोठे नुकसान आहे.

शाकाहारी पाहुण्यांची अडचण आणखी खोल आहे. मेक्सिकन स्वयंपाकात शिजवून घोटलेल्या राजम्यासारख्या घेवड्याला परंपरेने डुकराची चरबी घालतात, भात पुष्कळदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात आणि गव्हाच्या तोर्तियाच्या पिठातही चरबी असू शकते. पदार्थात मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणून तो शाकाहारी ठरत नाही. मक्याची तोर्तिया मात्र मका, चुन्याची निवळी आणि पाणी एवढ्यावरच होते. ‘मांस आहे का?’ असे विचारण्यापेक्षा ‘चरबी किंवा रस्सा घातला आहे का?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

पोट बिघडणे हा या सुट्यांतला नेहमीचा अपघात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार, ठिकाण आणि ऋतू यांप्रमाणे, दोन आठवड्यांच्या प्रवासात ३० ते ७० टक्के प्रवाशांना जुलाबांचा त्रास होऊ शकतो. त्यात जिवाणूंचा वाटा सर्वांत मोठा असतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. धोका मधल्या कोमट भांड्यात असतो. वाफाळणारा पदार्थ सुरक्षित, कोमट पदार्थ संशयास्पद, एवढी परीक्षा थर्मामीटरशिवायही करता येते. दुसरी वाट हातांची आहे. एकच डाव शेकडो हातांतून फिरतो. नोरोव्हायरससारखा विषाणू अगदी थोड्या कणांतूनही पसरतो आणि अल्कोहोलच्या जेलला तो सहज दाद देत नाही. बुफेवरून ताट वाढून घेतल्यानंतर आणि पहिला घास घेण्याआधी साबणाने हात धुणे, हा साधा उपाय तिथे जास्त भरवशाचा आहे.

रुमाल टाकून धरलेली जागा

पहाटे सहा वाजता तलावाकाठच्या सगळ्या आरामखुर्च्यांवर टॉवेल पसरलेले असतात, माणूस एकही नसतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या प्रवाशाला हे दृश्य नवे वाटायला नको. जागा धरायला काही मोल पडत नसले आणि न धरल्यास ती हमखास जात असली, की प्रत्येक जण गरजेआधीच ती धरून ठेवतो. कोणी वाईट वागत नसते, तरी सगळ्यांची मिळून गैरसोय होते. एरवी दुपारभर खुर्च्या फिरत्या राहून अनेकांना पुरल्या असत्या. टॉवेलांमुळे त्या रिकाम्या राहूनही कमी पडतात. काही रिसॉर्टांनी ठरावीक वेळ रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवरचा टॉवेल उचलण्याचा नियम केला आहे. तो पाळला जातो तिथे ही तक्रार बरीच ओसरते.

तलावाच्या पाण्याचेही असेच. डोळे चुरचुरवणारा उग्र वास आला की पाण्यात क्लोरीन फार झाले असा समज होतो. खरे तर तो वास क्लोरीन, घाम आणि लघवी यांच्या संयोगातून बनणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. उग्र वास म्हणजे क्लोरीन आपले काम करता करता संपत आले आहे आणि न आंघोळ करता उतरलेल्या माणसांची संख्या जास्त झाली आहे. ज्या तलावाला वास जवळजवळ येत नाही तो सहसा अधिक निरोगी.

पॅकेजच्या हद्दीबाहेरचा समुद्र

माणसे जातात ती समुद्रासाठी, आणि समुद्र कोणाच्याच पॅकेजमध्ये नसतो. कॅरिबियन किनाऱ्यावर हे २०११ पासून फार कठोरपणे दिसू लागले. त्या वर्षी तिथे सारगॅसम या तपकिरी सागरी शेवाळाचे प्रचंड ढीग प्रथमच एवढ्या प्रमाणात वाहून आले. हे सारगॅसम तळाला चिकटून वाढत नाही. त्याला वाटाण्यासारख्या हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांच्या आधाराने ते आयुष्यभर तरंगत राहते. उत्तर अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात ते शतकानुशतके आहे, कोलंबसच्या १४९२ च्या सफरीतही ते दिसले होते. नवीन आहे तो त्याच्या दक्षिणेला तयार झालेला पट्टा. उपग्रहचित्रांच्या आधारे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१८ च्या उन्हाळ्यात तो पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर पसरला होता आणि त्याचे वजन २ कोटी टनांहून अधिक होते. मोठ्या नद्यांतून येणारी पोषकद्रव्ये, खोल पाण्यातून वर येणारे क्षार आणि वाऱ्या-प्रवाहांतले बदल ही त्याची कारणे मानली जातात. त्यांतल्या कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

तरंगणारे सारगॅसम मासळीला आणि कासवांच्या पिलांना आसरा देते. किनाऱ्यावर ढीग झाला की चित्र पालटते. दोनेक दिवसांत ते कुजू लागते, हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो आणि सडक्या अंड्यांचा वास खोल्यांपर्यंत जातो. पाणी तपकिरी होते. शेवाळाच्या सावलीत उथळ पाण्यातले सागरी गवत मरते. वाळू धरून ठेवण्याचे काम हेच गवत करत असते, म्हणून पुढे वाळूही वाहून जाते. यंत्रांनी ढीग उचलताना आणखी वाळू निघून जाते. कॅन्कूनमध्ये या दुखण्याला जुने मूळ आहे. हॉटेले वाळूच्या टेकड्यांवरच बांधली गेली, त्यामुळे वादळानंतर किनाऱ्याला वाळू परत पुरवणारी कोठारेच बंद झाली. ऑक्टोबर २००५ मधल्या विल्मा चक्रीवादळाने तिथला किनारा खडकापर्यंत खरवडला आणि समुद्रतळातून वाळू उपसून तो २००६ मध्ये आणि पुन्हा २००९-१० मध्ये नव्याने भरावा लागला. जाहिरातीतल्या चित्रातली पांढरी वाळू काही ठिकाणी अशी आणून टाकलेली असते.

सारगॅसमचा जोर साधारण मार्च-एप्रिल ते ऑगस्ट असतो. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. शाळांच्या उन्हाळी सुट्या याच काळात येतात आणि ‘खास सवलती’ही याच काळात निघतात. कमी दर हा त्या काळातल्या समुद्राचा भाव असतो. साउथ फ्लोरिडा विद्यापीठ सारगॅसमच्या स्थितीचे मासिक वृत्त प्रसिद्ध करते. शेवाळ पूर्वेकडच्या वाऱ्याबरोबर येते, म्हणून कॅन्कूनच्या परिसरातल्या कोझुमेल बेटाचा पश्चिम किनारा आणि इस्ला मुहेरेस बेटाचा उत्तरेकडचा किनारा तुलनेने मोकळा राहतो. एकाच आठवड्यात काही किलोमीटरच्या अंतराने दोन कुटुंबांना दोन निराळे समुद्र भेटतात ते यामुळे.

गोव्याच्या किनाऱ्यालाही असे वेळापत्रक आहे. मे महिन्याच्या सुमारास नैर्ऋत्येचे वारे सुरू झाले की समुद्रात सांडलेल्या तेलाचे घट्ट काळे गोळे वाळूवर येऊन पडतात, तळव्यांना चिकटतात. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि पोहणे जिवावर बेतू शकते. डिसेंबरातले चित्र दाखवून जुलैतली खोली विकणे तिथेही चालते.

चौकट: जाहिरातीतले शब्द कसे वाचावेत

- सी व्ह्यू: खोलीतून समुद्राचा काही भाग दिसतो. बाल्कनीच्या कोपऱ्यातून दिसला तरी शब्द खरा ठरतो.
- सी फ्रंट: खोलीचे तोंड समुद्राकडे. मध्ये रस्ता किंवा तलाव आहे का, हे विचारावे.
- पार्शल व्ह्यू, गार्डन व्ह्यू: समुद्राची अपेक्षा धरू नये.
- पंचतारांकित: तारका देण्याचा जगभर एकच मापदंड नाही. त्या कोणी दिल्या हे पाहावे.
- अ ला कार्त उपाहारगृहे: मुक्कामात किती वेळा जाता येते आणि नोंद कधी करायची, हे लेखी घ्यावे.
- खाजगी किनारा: मेक्सिकोत समुद्रकिनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. खाजगी असतात त्या खुर्च्या.

‘पैसे वसूल’ आणि शेवटचा दिवस

काही निराशा पाहुण्याच्या मनात तयार होते. आधी भरलेले पैसे परत येणार नसतात, म्हणून पुढचा निर्णय त्यांच्याकडे न पाहता घ्यावा असे तर्क सांगतो. मन तसे करत नाही. हाल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटे काहींना पूर्ण दरात आणि काहींना सवलतीत दिली गेली. कोणाला कोणता दर, हे चिठ्ठीसारखे नशिबावर होते. तरी पूर्ण दर भरलेल्यांनी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात अधिक नाटके पाहिली. याला मराठीत नेमका शब्द आहे: पैसे वसूल. रिसॉर्टात तो दोन प्रकारे नडतो. भूक नसताना ताट भरले जाते. आणि बाहेर वीस मिनिटांवर गावात ताजी मासळी मिळत असूनही ‘आत फुकट आहे’ म्हणून कोणी उठत नाही. कुंपणाची भिंत पुष्कळदा अशी मनात उभी असते.

दुसरी गोष्ट आठवणीची. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की एखादा अनुभव किती बरा-वाईट होता हे ठरवताना मन सगळ्या क्षणांची सरासरी काढत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट या दोहोंवर त्याचा भर असतो. रिसॉर्टाचा शेवट मोठा रुक्ष असतो. सकाळी अकरा-बाराला खोली सोडावी लागते, पट्टा कापला जातो, विमान रात्रीचे असते. मग सामानाजवळ, स्वागतकक्षाच्या खुर्च्यांवर, मुलांना थोपवत पाच-सहा तास काढायचे. सहा चांगल्या दिवसांवर हे सहा तास सावली टाकतात. शेवटच्या दिवशी खोली उशिरा सोडण्याची सोय आधी मागून घेणे, हा याचा स्वस्त आणि गुणकारी उपाय.

अपेक्षेचाही वाटा आहे. नेदरलँड्समधल्या सुमारे १,५०० प्रौढांचा अभ्यास येरून नावेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. सुटीवर जाणारी माणसे सुटीआधी इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळली. परतल्यावर, सुटी अत्यंत निवांत गेलेल्यांचा अपवाद सोडला तर, दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. सुटीचा मोठा आनंद वाट पाहण्यात असतो, आणि जाहिरातीतली चित्रे ती वाट फार उंच नेऊन ठेवतात.

निराशेची भरपाई

बिघडलेल्या सुटीला पैशांत किंमत असते का, हा प्रश्न न्यायालयांनी गंभीरपणे हाताळला आहे. डिसेंबर १९६९ मध्ये एक इंग्रज वकील सहल कंपनीची माहितीपुस्तिका वाचून स्वित्झर्लंडमधल्या एका हॉटेलात दोन आठवड्यांसाठी गेला. पुस्तिकेत घरगुती मेळाव्याचे वचन होते. पहिल्या आठवड्यात तेरा पाहुणे होते, दुसऱ्या आठवड्यात तो एकटाच उरला. मालकाला इंग्रजी येत नव्हते. आल्प्सच्या लोकगायनाची संध्याकाळ म्हणजे कामाच्या कपड्यांत आलेल्या एका स्थानिक माणसाने भराभर म्हटलेली चारपाच गाणी होती. त्याने ६३.४५ पौंड भरले होते. १९७२ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयातील लॉर्ड डेनिंग यांच्या पीठाने त्याला १२५ पौंड दिले. सुटीच्या करारात आनंदच विकलेला असतो, तेव्हा तो न मिळाल्याची भरपाई द्यायला हवी, हे तत्त्व त्यातून इंग्लंडमध्ये रुजले.

फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने १९८५ मध्ये या भरपाईचा तक्ताच तयार केला. कबूल केलेले समुद्रदर्शन नसेल तर ५ ते १० टक्के, पोहण्याचा तलाव नसेल तर १० ते २०, अन्न खाण्याजोगे नसेल तर २० ते ३०, रात्रीचा गोंगाट असेल तर १० ते ४० टक्के कपात. तो बंधनकारक कायदा नव्हे, पण जर्मनीतल्या न्यायालयांना आणि प्रवाशांना त्याचा आधार झाला. ऑल इन्क्लुझिव्ह सुटीचा सर्वांत महत्त्वाचा खटला तुर्कस्तानातल्या सिदे गावाशी निगडित आहे. १९९७ च्या जुलैत ऑस्ट्रियातले एक कुटुंब तिथल्या रिसॉर्टात दोन आठवडे राहिले आणि त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीला तिथल्या अन्नातून साल्मोनेलाची बाधा झाली. आजारपणाची भरपाई मिळाली, वाया गेलेल्या सुटीची नाकारली गेली. लक्झेम्बर्ग येथील युरोपीय न्यायालयाने मार्च २००२ मध्ये निकाल दिला की पॅकेज सहलीत हरवलेल्या आनंदाचीही भरपाई ग्राहकाला मागता येते. युरोपीय संघाच्या २०१५ च्या पॅकेज प्रवास निर्देशाने हा हक्क अधिक स्पष्ट केला. त्यात प्रवाशावरही एक जबाबदारी आहे: उणीव दिसताच ती आयोजकाला विनाविलंब कळवणे.

हा शेवटचा मुद्दा जगात सगळीकडे लागू पडतो. घरी परतल्यावर लिहिलेल्या लांबलचक पत्रापेक्षा पहिल्या संध्याकाळी स्वागतकक्षात लेखी दिलेली दोन ओळींची तक्रार, तारखेसह काढलेली छायाचित्रे आणि नोंदणीच्या वेळची जाहिरात यांना अधिक वजन असते. त्या संध्याकाळी खोली बदलून मिळण्याचीही शक्यता असते.

भारतातून सहल कंपनीमार्फत नोंदणी केलेल्या प्रवाशाला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल त्या कंपनीविरुद्ध दाद मागता येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाखल करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.